डझनावर एक आंबा

मंडळी, सकाळपासून कशातच लक्ष लागत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या शेजारच्या सुनीतावहिनींनी यंदा पहिल्यांदाच दलालाला टाळून आपला हापूस थेट दुबईला पाठवला. कागदपत्रं मी केली. प्रत्येक पेटीत चोवीस आंबे, असं मीच लिहिलं.

मुंबईत कस्टम्सने पेट्या उघडल्या, तर प्रत्येकीत सव्वीस निघाले. नोंद आणि माल जुळेना, म्हणून सगळा माल अडकवला. आज सहाव्या दिवशी कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा फोन आला. माल सुटला, पण आंबे डागाळलेत, दुबईचा व्यापारी घेणार नाही.

वहिनींना सांगायला मीच गेले. त्या खळ्यात पेंढा गोळा करत होत्या.

"डझनावर एक वर द्यायचा, ही सासऱ्यांपासूनची रीत आमची. जास्तीच दिले ना गो? कमी तर नाय दिले? मग मी लबाड कशी?"

"तुम्ही नाही हो लबाड," एवढंच मी म्हणाले.

"राहू दे. पुढच्या वर्षी बाग दलालालाच देते."

खरं सांगायचं तर पेट्या भरताना मी तिथेच होते. ते वरचे आंबे मी पाहिले, "वहिनी, हात सढळ आहे तुमचा," म्हणून हसले आणि घरी येऊन चोवीसच टाइप केलं. आज हे त्यांच्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही.

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत डझनभर आंबे घातले आणि सवयीने वर एक. पिशवी अजून तशीच समोर आहे. उद्या जाऊन सांगणार आहे, पण सुरुवात कशी करू?