पोपटाचं नाव वडनेरवाली

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाकडं, त्याची माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली.

आमच्या जाम गावच्या चौकातले किराणा दुकानवाले भाऊ उधारी कधीच मागत नाहीत. मागणं त्यांना हलकं वाटतं. त्यांच्या दुकानात रोज सकाळी कडुनिंबावरून एक रानपोपट येतो. हिरवागार, चोच लाल, गळ्याला गुलाबी पट्टा. शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून पोटभर खातो आणि उडून जातो. ज्याची उधारी सगळ्यात जुनी, त्याचं नाव भाऊ त्या पोपटाला देतात.

दिवाळीचं तेल-साखर मी उधार नेलं. महिनाभरात बाकीच्यांच्या जुन्या उधाऱ्या फिटल्या आणि पोपट वडनेरवाली झाला. वडनेर माझं माहेर. सासरी मला सगळे याच नावाने ओळखतात.

"ये वडनेरवाली, खाय पोटभर," भाऊ भर गिऱ्हाइकांत गोडीने म्हणाले.

"पट्टा हाय म्हंजे नर हाय नं तो," एक बाई हसली. "वडनेरवाली काऊन म्हनता?"

"खाते अन् निघून जाते, मांगं वळून पाहत नाई. मंग काय म्हनू?"

मी त्या बाईच्या मागेच उभी होते. काही न घेता घरी आले.

आठ दिवस लोकांच्या शेतात कापूस वेचला आणि पैसे नेऊन दिले. भाऊंनी न मोजताच गल्ला उघडला.

"एवढी काय घाई होती, वहिनी? मी मांगतले काय?"

"मोजा, भाऊ," मी म्हणाले. "मोठ्यानं मोजा."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. भाऊंनी मोजले. पूर्ण भरले.