एकवीस बरण्या, पाच किलो मीठ आणि राहूपर्यंतचा रस्ता

१२ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. राहू गावाजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला मोबाईलवर फोटो पाठवला. टेबलावर माझ्या एकवीस बरण्या, आत एकवीस समुद्री मासे, आणि खाली मजकूर: "मॅडम, बरण्या चकाचक केल्या. सोमवारी पाहुणे."

फोटो मोठा करून पाहिला. मासे टिकवणारं बरणीतलं फॉर्मलीन जुनं झालं की पिवळट पडतं. हे चांगलं नितळ होतं. प्रत्येक बरणीत माझी पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी असते, एकही दिसेना. म्हणजे फॉर्मलीन ओतून देऊन बोअरचं पाणी भरलं होतं. त्या पाण्यात मासे मऊ पडणार, मग बुरशी धरणार.

तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. सुट्टीत लोक कोकणात आंब्यांसाठी जात. मी पहाटे बंदरावर जाळ्यातला टाकाऊ माल चिवडत बसे. दोन्ही डोळे एकाच कुशीला असलेला लेप, डोक्यावर चकतीसारखा चोषक असलेला रिमोरा, फुगून काटेरी चेंडू होणारा केंड, उभ्यानं पोहणारा समुद्रघोडा. चौघांनाही हाडांचाच सांगाडा, पण एकाच वर्गातले वाटतील का? भीमेतले रोहू-कटलाच पाहिलेल्या मुलांना हे दिसावं म्हणून बरण्या या शाळेला महिनाभर दिल्या होत्या.

फोन केला तर उचलेनात. आमच्या शिरूरची औषधांची चार दुकानं पालथी घातली. "फॉर्मलीन? संस्थेच्या लेटरहेडवर मागणी आणा." निवृत्त बाईला कुठलं लेटरहेड!

दुसऱ्या दिवशी सात वाजता शिरूर स्टँड गाठला. तुम्हाला कधी जायचं असेल तर शिक्रापूरपर्यंत एसटीनं जा. बायकांना अर्धं तिकीट. तिथून तळेगाव ढमढेरे. पुढची जीप वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. माझी तासभर भरेना. आत बसून मी घड्याळाकडे पाहत होते. शेवटी उतरून समोरच्या आठवडे बाजारात शिरले.

सुक्या मासळीच्या रांगेत पाय थबकले. बोंबील, वाकटी, मांदेली. विकणारी शेवंताबाई माझा चेहरा बघून म्हणाली, "काय बाई, घरी भांडून आलाय काय?"

"भांडायला निघालेय." मी सगळं सांगितलं.

"मुशी हाय का तुमच्याकं?"

"नाही. मुशीला, म्हणजे शार्कला, हाड नसतं, कुर्चा असते. माझे सगळे काट्याचे."

"मुशी लई वास मारती. काट्याचं हाय मंग रडताय कशाला? मिठात घाला. आमचं वरीसभर टिकतंय, तुमचं आठ दिस टिकंना व्हय?"

मी पदवीधर बाई! कालपासून मला सुचलं नव्हतं ते! पाच किलो जाडं मीठ घेतलं आणि पिशवी मांडीवर ठेवून जीपमध्ये बसले. भीमेच्या पुलाअलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. अर्धा तास तिथेच. या दिवसांत जाणार असाल तर पाणी जवळ ठेवा.

शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "शिपाई बाईंची चूक आहे, मॅडम. अडाणी आहेत."

मंदाबाई, शाळेच्या शिपाई, दाराशीच उभ्या होत्या. डोळे लाल, बोटांची सालं निघालेली.

"सर, तुमीच म्हणलात ना, पाणी नासलंय, ताजं भरा? लई झोंबलं वो मॅडम. रातभर डोळा लागला न्हाई."

सर खिडकीबाहेर पाहू लागले. मला लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये आवाज न चढवता बोलायला शिकवलं होतं. तो धडा मी त्या ऑफिसात विसरले.

"आणि चिठ्ठ्या?" मी मंदाबाईंना विचारलं. उत्तराची भीतीच वाटत होती.

त्यांनी भिंतीवरची सरस्वतीची तसबीर काढली. मागे जुन्या वहीच्या पानात एकवीस चिठ्ठ्या वाळवून ठेवलेल्या. "लिवलेलं हाय. केरात कसं टाकायचं?"

आम्ही दोघींनी मीठ कालवलं, बरण्या भरल्या. हातमोजे मिळेनात, म्हणून मंदाबाईंच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. मासा पाहून मी चिठ्ठी ओळखत गेले. फक्त दोन लेप अडले: एक हर्णैचा, एक मालवणचा, दिसायला सारखेच. आता कुठला कोण, कधीच कळणार नाही. मग हात धुऊन मंदाबाईंनी डब्यातली भाकरी अर्धी मोडून दिली. खाताना त्यांनी लेपाकडे बोट केलं. "ह्याचं त्वांड असं कसं वो?"

"लहानपणी एक डोळा इकडं असतो, एक तिकडं. मोठा होताना एक सरकत पलीकडं जातो."

"आन् दिसतंय त्याला?"

"दिसतं. वाळूत पडून वरचं सगळं बघतो."

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. हाताला मिठाचा वास आहे, आणि मंदाबाईंची सोललेली बोटं काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मुख्याध्यापक महोदय, हा ब्लॉग तुम्ही वाचता, ठाऊक आहे मला. मिठाचा भरवसा मी आठवड्यापलीकडे धरत नाही. तेव्हा २० फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा: लेटरहेडवर फॉर्मलीनची मागणी कधी पाठवली, ओतलेलं फॉर्मलीन आवारात नेमकं कुठे गेलं, मंदाबाईंना कोणत्या डॉक्टरांकडे नेलं, आणि बरण्या रिकाम्या करण्याचा हुकूम कोणाचा होता. शेवटच्या उत्तराखाली तुमची सही हवी, मंदाबाईंचा अंगठा नको.