दुसऱ्या विमानाची चौकट

कुठलाही भाग हातात आला की काका आधी तो नखानं वाजवायचे आणि म्हणायचे, "हे उडणार आहे बरं का. शोकेसमध्ये ठेवायचं नाहीये." आमच्या कारखान्यात लढाऊ विमानांचे सुटे भाग बनतात. मालाची तपासणी काकांकडे; त्यांच्या सहीशिवाय एक स्क्रूही बाहेर जात नसे. राहायला नारायण पेठेत, त्यामुळे गोड बोलण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती.

जुन्या विमानांत नवीन रडार बसवायचं होतं, ते धरून ठेवणारे ब्रॅकेट आम्ही करत होतो. चहाला एकदा मी म्हणालो, "काका, जुन्याला ठिगळं कशाला? जगातलं सगळ्यात भारी विमान घ्यावं की."

"घ्या. तेवढ्या पैशात चार येतील. एक दुरुस्तीला, एक सरावाला. उरलेल्या दोघांनी कुठली कुठली हद्द राखायची, इंजिनिअर?" बशी खाली ठेवून ते म्हणाले, "परवडणारं घेतलं तर पुरेशी घेता येतात. तेच पहाऱ्याला, तेच माऱ्याला. सांगाडा भक्कम असला की आतलं सामान बदलत राहायचं." त्यांच्याशी वादात जिंकलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर मला जरूर कळवा.

माल पाठवायच्या सकाळी टेम्पो फाटकात उभा होता. सीमेवर तणाव होता आणि मालकांचा फोन थांबत नव्हता. आदल्या दिवशी दुसऱ्या एका विमानाची, रडार जिथे बसतं ती चौकट दुरुस्तीला आली होती. त्या सकाळी काकांनी सहज तिच्यावर ब्रॅकेट धरून पाहिला, तर भोकं जुळेनात. दोन मिलिमीटरचा फरक. ही जुनी विमानं हातानं जुळवलेली, प्रत्येकाची भोकं थोडी वेगळी. ब्रॅकेटची भोकं विमानात बसवतानाच पाडायला हवी होती. आम्ही एकाच विमानाचं माप सगळ्यांना लावलं होतं.

ते माप मी घेतलं होतं. काकांनी माझ्या भरवशावर सही केली होती.

"टेम्पो रिकामा करा," काका म्हणाले.

मालक धावत आले. "अहो, हवाई तळावर भोकं घासून बसवतील! आज माल गेला नाही तर काम हातचं जाईल."

"आणि घासून बसवलेलं रडार वळताना हललं, तर वैमानिकानं कुणाला फोन करायचा?"

मालकांचा चेहरा लाल झाला. "चूक कुणाची आहे?"

मी नुकताच नोकरीत कायम झालो होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, चांगलं दोन-तीन श्वासांइतका वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सही माझी आहे."

त्याच संध्याकाळी मालकांनी काकांना कामावरून काढलं. आम्ही ब्रॅकेट भोकांशिवाय नव्यानं केले. ते सगळ्या विमानांत बसले, काम आमच्याकडेच राहिलं, आणि मालकांनी माझी पाठ थोपटली. तेव्हा वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

त्यांच्या घराचा जिना चढायला मला तीन महिने लागले. त्यांनी चहा केला. तो संपल्यावर मी म्हणालो, "काका, माप माझं होतं."

"माहीत आहे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल, म्हणून थांबलो होतो."

एवढं बोलून ते कप घेऊन आत गेले. मी बराच वेळ बसून राहिलो. ते बाहेर आले नाहीत.