आत्या आणि मुगाचं गाणं

जगात कुठंही काही चमत्कारिक रंगवलं, कोरलं किंवा वाजवलं गेलं, की ते आज ना उद्या सोलापुरात आमच्या आत्याच्या मोबाइलमध्ये येऊन पडणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण कुतूहल अजून बालवाडीतलं. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की पिठाचे हात पदराला पुसून ती चष्मा लावते आणि शोधाला निघते. घरच्या ग्रुपवर बाकीचे लोक सुप्रभाताची फुलं पाठवत असतात, तिथं आत्याकडून करवतीवर धून वाजवणारा म्हातारा येतो, झाडाला विणलेला स्वेटर येतो, नाहीतर परदेशातल्या जुन्या चित्रांतली बाळं येतात. "ह्या बाळाचं तोंड बघा, तहसीलदारासारखं हाय की," असं खाली लिहिलेलं असतं. आणि खरंच, आईच्या मांडीवर बसलेलं ते बाळ कुणाचा तरी अर्ज नामंजूर करण्याच्या बेतात दिसतं.

नुसतं पाठवून तिचं भागत नाही, समोर सापडेल त्याला ते दाखवावंही लागतं. स्वयंपाकघराचं दार बसवायला आलेल्या सुताराला तिनं तो करवतीचा व्हिडिओ दाखवला. त्यानं गंभीरपणे शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "मावशी, धार गेली असंल त्याच्या करवतीची." पण नंतर दुपारभर तो आपलीच करवत गुडघ्यांत धरून वाकवून बघत राहिला, आणि दार दुसऱ्या दिवशी बसलं.

एका माणसाकडून मात्र तिला कधीच उत्तर येत नसे. ते म्हणजे माझे वडील. कुठल्याशा लग्नात मानपानावरून दोघांचं बिनसलं होतं, आणि एकाच शहरात राहूनही दोघं एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नव्हते. वडील तिनं पाठवलेलं सगळं बघायचे. ते तहसीलदार बाळ तर त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. पण तिला एका शब्दानं कळवायचे नाहीत.

मग आत्याला ते गाणं सापडलं. जुन्या तबकडीवरचं, खरखरणारं, कुणा बाईनं कानडीत म्हटलेलं. गाणारीचं नावगाव कुठं नव्हतं. "चाल कुटंतरी ऐकल्यासारखी वाटायलीय," आत्या म्हणाली, पण शब्द तिला लागेनात. आमच्या आजीचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरची बोली कानडी. पण आजी गेली तेव्हा आत्या अगदी लहान होती, आणि कानडी तिच्यापाशी बाजारापुरतीच राहिली. त्या गाण्यातला एकच शब्द तिला कळला, मूग. गाण्यात मूग कशाला आले, ह्याचा ती आठवडाभर तपास करत होती. भाजीवालीला ऐकवून झालं. अक्कलकोटच्या एसटीत कंडक्टरलाही ऐकवलं. तो म्हणाला, "आजी, मला तर नुसता पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायलाय." शेवटी तिनं ग्रुपवर विचारलं, तेव्हा कुणीतरी मुगाच्या खिचडीची कृती पाठवली.

त्या रविवारी वडिलांनी चप्पल घातली आणि मला म्हणाले, "गाडी काढ." कुठं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आत्यानं दार उघडलं, आधी मला पाहिलं, मग त्यांना, आणि उगीचच पदर सारखा केला.

"ये, अण्णा."

वडील बसायच्या आधीच बोलले. "मूग न्हाय गं. मूगुती. नाकातली चमकी."

"तुला काय माहीत?"

"आई म्हणायची की. तुला पाळण्यात घालून."

आत्या पदरानं मोबाइल पुसत राहिली. मग तिनं गाणं लावलं आणि वडील एकेका ओळीचा अर्थ सांगत गेले. नव्या नवरीची मूगुती तळ्यात पडते. सासरा शोधतो, दीर शोधतो, तळ्यातली कासवंसुद्धा शोधायला लागतात. आत्या पुढं झुकून ऐकत होती, आणि एकदम खरखर वाढून गाणं मध्येच बंद पडलं. तबकडी तिथं फुटलेली असावी.

"मग? सापडली का मूगुती?" आत्यानं विचारलं.

वडिलांनी डोळे मिटून आठवून पाहिलं.

"तू तवर झोपायचीस," ते म्हणाले. "मग आई पुढचं म्हणायचीच न्हाय."