हिवाळ्याला पडलेली खिडकी

“पेट्या बदलल्यात तुम्ही, मावशी. दुसरं काही असूच शकत नाही.”

“चोवीस वर्षांत एक पेटी इकडची तिकडे केली नाही. आता जाता जाता कशाला करू?”

“मग हिवाळ्याच्या खोलीतले सात नर गळे कसे फुलवतायत? हिवाळा आहे तिथे.”

“हिवाळा दारावर लिहिलाय, पोरी. आत आहे का, ते सरड्यांना विचार.”

संशोधक पोरीने हातातला तक्ता टेबलावर आपटला. मावशींनी रातकिड्यांचा डबा उचलून बाजूला सरकवला, म्हणजे पुढच्या आपटण्यात ते सांडायला नकोत. भांडण कितीही तापलं, तरी सरड्यांचं जेवण वेळेवर, हा त्यांचा नेम.

प्रयोगशाळेत मावशींना सगळे ‘हवामान खातं’ म्हणायचे. कारण इथले ऋतू त्याच करायच्या. डाव्या हाताच्या खोलीत उन्हाळा: चौदा तास दिवा, अंगाला घाम फुटेल इतकी ऊब. उजव्या हाताच्या खोलीत हिवाळा: दहा तासच दिवा, पाच वाजता टायमर बंद, आणि गारवा. घरी नवरा म्हणायचा, हिच्या हाताखाली दोन-दोन ऋतू आहेत, पण आमचा पंखा दुरुस्त करायला हिला सवड नाही.

झाडूवाली म्हणून आलेल्या मावशी बघूनबघूनच शिकल्या होत्या. कुठला नर आजारी आहे, कुठल्या मादीच्या पोटात अंडं आहे, हे त्या पेटीपुढे उभं राहून सांगायच्या आणि वजनकाटा मागाहून हो म्हणायचा. एकदा ऐन ‘उन्हाळ्यात’ हीटर बंद पडला, तेव्हा त्यांनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून दिवसभर पेट्यांना लावल्या होत्या. दर तासाला पाणी बदलत. उन्हाळा एका अंशानेही उतरला नाही.

या पोरीला पहिल्या आठवड्यात सगळं समजावलं होतं, तेही मावशींनीच. नराला टेस्टोस्टेरॉन दिलं की तो गळ्याखालची तांबडी झालर पंख्यासारखी उघडतो, मान वरखाली करतो, मादीपुढे रुबाब दाखवतो. पण तेच हार्मोन, तेवढंच, हिवाळ्यात दिलं तर पठ्ठ्या लग्नघरात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा गप्प बसतो. “हार्मोन म्हणजे निरोप गं,” मावशी म्हणाल्या होत्या. “निरोप दोन्ही खोल्यांत पोचतो. पण हिवाळ्यात मेंदूचं दार उघडायला कुणी जागं नसतं.” पोरीने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. तिचं अख्खं संशोधन त्या दारावरच होतं: ऋतू बदलला की मेंदूतली कुठली रसायनं बदलतात, आणि दार कोण उघडतं.

उद्या सकाळी हिवाळ्यातल्या बाराही नरांचे मेंदू तपासणीसाठी काढायचे होते. दोन वर्षांचं काम त्या सकाळवर टेकलेलं. आणि मावशींचं एकच टुमणं, उद्याचं रद्द कर.

“कारण सांगा,” पोरगी आता हळू आवाजात म्हणाली. “नुसतं ‘मला वाटतं’ सरांपुढे चालत नाही.”

मावशींनी स्टूल ओढलं आणि सांगायला घेतलं. काल पाचला टायमर बंद झाल्यावर त्या हिवाळ्याच्या खोलीत जाऊन, दार लावून, बसल्या होत्या. सरड्याला काय दिसतं ते सरड्याच्या जागी बसल्याशिवाय कसं कळणार? तासभर बसल्या. डोळे सरावले आणि त्यांना मनगटावरच्या घड्याळाचे काटे दिसले.

“अंधारात काटे दिसायला नकोत,” पोरगी म्हणाली.

“तेच तर.”

दाराच्या काचेवर काळा कागद असतो. गेल्या वर्षी मावशींनी त्यात तळहाताएवढी खिडकी कापली होती आणि वर कागदाचीच झडप लावली होती. गळे मोजायला सारखं दार उघडलं की ऊब आत शिरायची, सरडे दचकायचे. झडप उचलून बाहेरूनच मोजता यायचं. बाहेरचा बोळ संध्याकाळी काळोखा असायचा, त्यामुळे काही बिघडलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी बोळात नवे दिवे आले, रात्री दहापर्यंत जळणारे. आणि गारव्याने चिकटपट्टी सुटून झडप वर वळली होती.

“उजेड सरळ समोरच्या फळीवर पडतो,” मावशी म्हणाल्या. “समोरच्या फळीवर पेट्या किती?”

पोरीने तक्ता पुन्हा हातात घेतला. पाच ते अकरा. बोट एकेका आकड्यावरून गेलं. गळा फुलवणारे नरही पाच ते अकरा. दाराच्या बाजूच्या फळीवरचे पाचही गप्प.

“त्यांचा दिवस पंधरा तासांचा झालाय,” ती म्हणाली.

“त्यांच्या लेखी वसंत आलाय. ते चुकलेले नाहीत. मेंदू एकदाच काढता येतो, पोरी. चुकीच्या ऋतूत काढलास तर परत बसवता येत नाही.”

पोरीने फोन उचलला, उद्याची वेळ रद्द केली आणि दहा आठवड्यांनंतरची मागितली. नवा हिवाळा मुरायला तेवढे लागतात. फोन ठेवून ती मावशींच्या स्टुलापाशी येऊन उभी राहिली.

“माझं चुकलं. पेट्यांचं बोलायला नको होतं.”

“दोन वर्षं तुझी होती. मीही बोलले असते.”

“आता ऐका. सरांना मी सांगते, नव्या दिव्यांमुळे झालं. खोटं नाहीच ते. खिडकीचं बोलायचं नाही. महिनाअखेर तुम्ही निवृत्त होताय. तुमच्या सेवापुस्तकात आजवर एक लाल शेरा नाही. शेवटच्या महिन्यात कशाला?”

मावशींनी रातकिड्यांचा डबा तिच्या हातात दिला. हिवाळ्याची खोली, पेटीला दोनच, जास्त नकोत, असं बजावलं. मग कपाटातून आपली नोंदवही काढली. कालच्या तारखेच्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: खिडकी मी कापली.

“मावशी, सरांना दाखवणार आहात का ते?”

मावशींनी वही काखेत मारली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि बाहेर पडल्या. घरी जायचा जिना डावीकडे होता. त्या उजवीकडे, सरांच्या खोलीकडे वळल्या.