कांदा शेजारी बसवणाऱ्या तांबोळी मॅडम

तांबोळी मॅडम ब्लेड घेऊन पान चिरायला बसल्या ना, की लॅबमध्ये कोणी शिंकायचं पण नाही! काचेच्या बशीत पान, टकटकटकटक, मिनिटाभरात हिरवी चटणी. "नवं ब्लेड घे गं. दाढी करून आलेलं नको," हे प्रत्येकाने ऐकलेलं.

आम्ही नेचे आणि त्यांच्या नातेवाईक झाडांच्या पेशीत डीएनए किती, ते मोजायचो. गंमत म्हणजे मशीन थेट आकडा देतच नाही! ज्याचा डीएनए माहितीये असं झाड सोबत चिरायचं, मग तुलना. मॅडम म्हणायच्या, "अनोळखी पाहुण्याला एकटं नाही बसवायचं. शेजारी घरचं कोणीतरी लागतं." घरचे म्हणजे खिडकीतल्या कुंड्या. कमी डीएनएवाल्यांसाठी वाटाणा, अवाढव्यवाल्यांसाठी कांदा.

माझ्या प्रोजेक्टचा शेवटचा नमुना घाटातून आला. झाडूच्या काड्यांसारखा, पानं जवळजवळ नाहीतच, पण डीएनए म्हणे राक्षसी! मशीन फक्त त्या दुपारपुरतं आमचं, मग थेट दुरुस्तीला. आणि कांद्याची कुंडी गायब!

"सुट्टीत पाणी कोण घालणार, म्हणून हडपसरला घरी नेली होती," म्हणत मॅडमनी सासूबाईंना फोन लावला. स्पीकरवर.

"अम्मी, वो प्याज की कुंडी?"

"कल झुणका किया ना उसका! तूने दो बार लिया."

मी रडायच्या बेतात. मॅडम थंड. "पूरी पात डाली?"

"थोडी बची है. गीले कपड़े में रखी."

मॅडमनी माझ्या हातात गाडीची किल्ली दिली. "रडायचं ते सिग्नलला रड. आता चालव."

स्क्रीनवर जितका डीएनए जास्त, तितका उंचवटा उजवीकडे. दुपारी आधी कांद्याचा आला. मग काहीच नाही, काहीच नाही... आणि पाऽर उजवीकडे माझी काडी!

"आला बघ पाहुणा," मॅडम म्हणाल्या. "लांब बसलाय, पण आलाय."

मी उड्या मारल्या. "उड्या बाहेर. मशीन हलतं."

दुसऱ्या दिवशी नव्या कुंडीवर चिठ्ठी चिकटवलेली: 'हा कांदा खायचा नाही.' खाली, 'अम्मी, तुम्हीपण नाही.'

मॅडम या वर्षी रिटायर झाल्या. जाताना कुंडी माझ्याकडे दिली. चिठ्ठीची शाई उडाली होती, म्हणून मार्कर घेऊन बसल्या. अम्मी तोवर राहिल्या नव्हत्या. मॅडमनी दोन्ही ओळी गिरवल्या.