विसाव्याचे वर्ष

आधी कडवट, मग ओल्या मातीसारखा, आणि अगदी शेवटी किंचित गोड... हिराबोळाचा वास असा तीन पावलांनी आत येतो. गेल्या महिन्यात हमीदभाईंच्या मुलीचा रत्नागिरीहून फोन आला. "अब्बा गेले," एवढेच ती म्हणाली, आणि माझ्या पुण्यातल्या बंद खोलीत तो वास कुठूनसा दरवळला.

तेलाच्या पैशाने जेद्दा रोज नवे होत होते, त्या वर्षांत आम्ही तिथे राहत होतो. माझे पती समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पावर अभियंता. मी मराठी कवितेत एम.ए. करून गेलेली, दिवसभर घरात. शेजारचे हमीदभाई जुन्या बाजारातल्या वनौषधींच्या दुकानात मालाची पारख करीत. दक्षिणेच्या डोंगरांतून येणारा हिराबोळ, म्हणजे एका काटेरी झाडाचा वाळलेला चीक, त्यांच्या बोटांखालून जाई आणि पुढे हाँगकाँगच्या व्यापाऱ्याकडे रवाना होई. आपल्याकडे बाळंतिणीला देतात तोच हा. चिनी वैद्य तो जखमांवर आणि साकळलेल्या रक्तावर वापरतात, हे मला त्यांनीच सांगितले. इंग्रजी लिहिता येत नसल्यामुळे दुकानाची पत्रे घेऊन ते शुक्रवारी आमच्याकडे येत, आणि मी ती लिहून देई.

एका शुक्रवारी हाँगकाँगहून आलेले पत्र मी वाचून दाखवले. पुढच्या हंगामात त्यांना दुप्पट माल हवा होता. दुकानाचा मालक, म्हणजे परदेशी नोकराची कायदेशीर हमी घेणारा त्यांचा कफील, आधीच हो म्हणून बसला होता. हमीदभाईंनी मात्र मला नकार लिहायला सांगितला. माझी लेखणी थबकली. त्यांच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि कफीलच्या सहीवाचून त्यांना त्या देशात राहता येणार नव्हते. गावी परतून आंब्याची कलमे बांधायची हौस आलेली दिसते, असे माझ्या पतींनी चिडवले. हमीदभाई हसले नाहीत. त्यांनी तिथल्या आपल्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली.

माल आणायला ते डोंगरात गेले, तेव्हा तिथले एक झाड चीक देईना. कोकणात न धरणाऱ्या आंब्याच्या बुंध्याला कोयतीने खाचा पाडतात. हमीदभाईंनी तेच शहाणपण तिथे चालवले आणि बुंध्याभोवती खाचाच खाचा पाडल्या. झाड भरभरून पाझरले. पुढच्या वर्षी जाऊन पाहतात तो ते वाळून गेलेले! चीक गोळा करणारा तिथला म्हातारा रागावला नाही. एका झाडाला मोजक्याच खाचा, आणि पुढले साल त्याला हातही लावायचा नाही, ते त्याचे विसाव्याचे वर्ष, एवढे त्याने शांतपणे समजावले.

"वैनी, आंबा मारला की घाबरता नि धरता," हमीदभाई म्हणाले. "ह्या झाडाला घाबरुचा म्हाईत नाय. ता देत ऱ्हेता... नि मरता."

मी नकार लिहिला. तो लपवून पाठवणे त्यांना मान्य नव्हते. त्यातले सारे त्यांनी स्वतः कफीलला अरबीत सांगितले. कफीलने पत्र खिशात घातले आणि इकाम्याचा कागद तसाच बाजूला सारला. आधी डोंगर पाहू, मग सही, एवढेच तो म्हणाला. त्यांच्या गाडीमागून आम्हीही निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचलो. वाकडीतिकडी, निष्पर्ण, काट्यांनी वेढलेली ती झाडे... इतकी दरिद्री दिसत होती की माझा विश्वास बसेना. मग सूर्य कड्यावर आला आणि खाचांवर साचलेले तांबूस थेंब एकाएकी आतून पेटले. वारा नव्हता, वास तेवढा हलत होता. इतक्या कवितांनी मला शिकवलेला एकही शब्द त्या उजेडापुढे उभा राहिला नाही.

हमीदभाई कफीलला थेट त्या वाळलेल्या झाडापाशी घेऊन गेले. हे मी मारले, असे त्यांनी अरबीत सांगितले. कफीलने बुंध्यावर तळवा ठेवला. सालीचा मोठा तुकडा त्याच्या हातात आला. मग त्याने खिशातले पत्र काढून हमीदभाईंच्या हाती दिले.

पत्र गेले. सही झाली. हाँगकाँगचा तो व्यापारी दुसऱ्या दुकानाकडे वळला, आणि बाजारात हमीदभाईंना 'झाडांचा कफील' म्हणून कित्येक वर्षे टोमणे ऐकावे लागले. ते ती पदवी मिरवत.

त्या सकाळी निघण्यापूर्वी मी एका विसावलेल्या झाडापाशी रेंगाळले होते. त्याच्यावर एकही खाच नव्हती. तरी सालीच्या भेगेतून एक थेंब आपणहून बाहेर आला होता, आणि त्यात सारे आकाश मावले होते. आठवण म्हणून तेवढा एकच घ्यावा, असे वाटून मी बोट पुढे केले. मागून हमीदभाई अगदी हळू, झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये तसे म्हणाले,

"ऱ्हवंदे."